'पोहोच', 'सुगम्यता' की 'गतिशीलता'?

प्रश्न : वाहतूक अहवालातल्या 'ॲक्सेसिबिलिटी'ला मराठीत काय म्हणावं? अमुक वस्तीतून ४५ मिनिटांत चालत, बसने, लोकलने किंवा मोटारीने किती नोकऱ्या गाठता येतात, एवढाच अर्थ हवा आहे.

प्रतिसाद १ : 'सुगम्यता' नको. २०१५च्या 'सुगम्य भारत अभियाना'नंतर त्या शब्दाने रॅम्प आणि लिफ्टच डोळ्यांसमोर येतात. 'गतिशीलता' तर चूकच. रस्ता रुंद झाला आणि कचेऱ्या त्याहून लांब गेल्या, तर गतिशीलता वाढते, पोहोच घटते. 'पोहोच' घ्या.

प्रतिसाद २ : पण 'नोकऱ्यांची पोहोच' लिहू नका, टपालाची पोहोच आठवते. 'रहिवाशांची नोकऱ्यांपर्यंतची पोहोच' लिहा. तक्त्यात 'लोकलने ४५ मिनिटांच्या टप्प्यातल्या नोकऱ्या' सुटसुटीत. साधन आणि मिनिटं न सांगता नुसतं 'पोहोच चांगली' म्हणणं पोकळ आहे.

प्रश्नकर्ता : ही ४५ मिनिटं कुठून कुठपर्यंत?

प्रतिसाद २ : दारापासून दारापर्यंत. लोकलसाठी स्टेशनापर्यंतची चाल, जिना, गाडीची वाट, प्रवास, गाडी बदलणं आणि पुढची चाल, सगळं धरायचं. मोटारीला गर्दीच्या वेळचा वेग लावा, पार्किंग शोधण्याची मिनिटंही मिळवा. नाहीतर मोटार फुकटची जिंकते. वेळापत्रकाच्या साधनांना ८ वाजताची एकच सुटण्याची वेळ घेऊ नका. ७ ते ९ दर मिनिटाला निघून पाहा आणि मध्यक, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, घ्या. नाहीतर दर अर्ध्या तासाने येणारी बस नेमकी दारात उभी असल्यासारखा आकडा येतो. अर्थात, विरार फास्टमध्ये चढता येईल की नाही हे वेळापत्रकाला ठाऊक नसतं.

प्रतिसाद ३ : हद्दीचाही घोळ होतो. मुलुंडकरांची मोजणी मुंबई महापालिकेच्या सीमेवर थांबवली, तर शेजारच्या ठाण्यातल्या नोकऱ्या गळतात. नोकऱ्यांसाठी सहावी आर्थिक गणना (आस्थापनांची आणि तिथल्या कामगारांची सरकारी मोजणी) वापरत असाल, तर तिने सरकारी प्रशासन वगळलं आहे. म्हणजे मंत्रालयाच्या परिसराचा आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसणार. हे तळटीपेत नको, तक्त्याखालीच ठळक लिहा.

प्रश्नकर्ता : ४६व्या मिनिटावरची नोकरी शून्यच धरायची?

प्रतिसाद १ : या 'संचयी' पद्धतीत, म्हणजे ठरलेल्या मिनिटांच्या आतल्या सगळ्या नोकऱ्या नुसत्या मोजण्याच्या पद्धतीत, हो. ते खटकत असेल तर नियोजनाचे अभ्यासक हॅन्सन यांनी १९५९ साली मांडलेली रीत पाहा : जितकी लांब तितकं वजन कमी, मग बेरीज. तिला 'भारित पोहोच' म्हणा. पण त्या बेरजेला 'इतक्या नोकऱ्या' म्हणू नका, तो निर्देशांक आहे. नगरसेवकांपुढे ठेवायला ३०, ४५ आणि ६० मिनिटांचे तीन साधे आकडेच बरे.