'विन्सी' म्हणजे नक्की कुठलं कापड?

जुन्या इंग्लिश गोष्टींत गरीब पोरींच्या अंगावर 'विन्सी'चा फ्रॉक असतो, तिथे मराठीत अनुवाद करताना नुसतं 'जाडंभरडं कापड' लिहून पुढे जाऊ नका प्लीज, शब्द फार भारी आहे.

मूळ स्कॉटलंडचा. ताणा म्हणजे उभे धागे लिननचे (नंतर सुताचे) आणि बाणा म्हणजे आडवे धागे लोकरीचे. मागावर सगळी ओढ ताण्याला बसते म्हणून तिथे चिवट धागा, ऊब लोकरीची, आणि निव्वळ लोकरीपेक्षा स्वस्त. 19व्या शतकात अ‍ॅबर्डीनच्या विन्सीला चांगलं नाव होतं.

आता शब्दाकडे. आधी होतं 'लिन्सी-वूल्सी'. लिन्सीबद्दल दोन मतं आहेत, एक म्हणजे 'लिन' हा जवसाचा धागा (हो, आपण चटणी करतो तेच जवस, लिनन त्याच्याच खोडातून निघतं, आणि लिन्सीड ऑइलमधलं 'लिन' पण तेच), दुसरं म्हणजे इंग्लंडमधल्या सफकमधलं लिंडसी गाव. वूल्सी मात्र सरळ यमकासाठी केलेला, वूलला मागून 'सी' चिकटवलं की झालं, साधारण आपल्या कपडाबिपडासारखं, फक्त बिपडाला अर्थ नाही, वूल्सीत मात्र वूल म्हणजे लोकर आहे. शेक्सपिअरच्या 'ऑल्स वेल दॅट एन्ड्स वेल' नाटकात तर लिन्सी-वूल्सी म्हणजे काहीच्या काही खिचडी बोलणं!

स्कॉटिश तोंडात त्याचं झालं लिन्सी-विन्सी, मग सुरुवातीचा लिन्सी गळला आणि विन्सी उरला. मला सगळ्यात आवडतं ते हे, की विन्सी आला वूल्सीवरून पण त्यातल्या वूलचा फक्त 'व' राहिलाय, बाकी सगळा आवाज लिन्सीचा, म्हणजे दोन धागे शब्दातसुद्धा एकत्र विणले गेलेत.

पुढे 'विन्सीएट' आलं, नाइटड्रेस-पायजम्याचं मऊ लवदार कापड, आणि ते असतं सुती. लोकर नाहीच! त्यामुळे विन्सीएटला 'लोकरी' म्हणणं चूकच.

मराठीत काय म्हणायचं? कोणी हिमरू सुचवेल, औरंगाबादचा हिमरू पण मिश्रच, पण तो सूत आणि रेशमाचा, श्रीमंती थाटाचा, गोष्टीतल्या गरीब पोरीच्या अंगावर तो अजिबात शोभणार नाही. मी तरी पहिल्यांदा 'विन्सी नावाचं सूत-लोकरीचं कापड' लिहीन आणि त्यानंतर सगळीकडे नुसतं विन्सी.