प्रिंट केलेला कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, आला की नेत्रदानाची गरज उरणार नाही. पटतंय का?

निळीशाई:
वरचं वाक्य माझंच. मत सरळ सांगते, कॉर्निया बायोप्रिंटिंगवर, म्हणजे जिवंत पेशी मिसळलेल्या जेलने प्रिंटरवर कॉर्निया छापण्यावर, आता सगळा जोर लावायला हवा, कारण नुसत्या नेत्रदानावर कॉर्नियासाठी थांबलेल्यांची ही रांग कधीच संपणार नाहीये. २०१६ मध्ये एक जागतिक पाहणी आली होती, त्यात साधारण १ कोटी २७ लाख लोक वाट बघत होते आणि दर ७० गरजूंमागे कॉर्निया मिळत होता एक. सत्तरात एक! एडुआर्ड झिर्म या डॉक्टरांनी कॉर्नियाचं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण केलं १९०५ ला, आणि आजही आपण कुणीतरी जाण्याची आणि घरच्यांनी त्या दुःखात हो म्हणण्याची वाट बघत बसतो. २०१८ मध्ये इंग्लंडच्या न्यूकॅसल युनिव्हर्सिटीत संशोधक चे कॉनन यांच्या टीमने अल्जिनेट (समुद्री शेवाळातला जेलसारखा पदार्थ), कोलेजन (शरीरातलं तंतूंचं प्रोटीन) आणि दात्याच्या कॉर्नियातल्या पेशी मिसळून बायो-इंक, म्हणजे छपाईची जिवंत शाई, बनवली आणि दहा मिनिटांच्या आत कॉर्नियाचा आकार छापला, तोही डोळा स्कॅन करून त्या मापाचा. मग अजून कशाची वाट बघायची?

कंदील:
नाही पटत. आकार छापणं हा यातला सोपा भाग आहे हो. कॉर्निया जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, त्यातला ९० टक्के भाग म्हणजे मधला जाड थर, स्ट्रोमा, आणि तो आरपार दिसतो कारण कोलेजनचे तंतू सगळे एकसारख्या जाडीचे, ठरावीक अंतरावर, थरावर थर असे रचलेले असतात, मध्ये एकही रक्तवाहिनी नाही. जखम झाली, इन्फेक्शन झालं की ती रचना विस्कटते आणि डोळ्यात फूल पडतं. म्हणजे सामान तेच, फक्त मांडणी बिघडली तरी माणसाला दिसेनासं होतं. प्रिंटरच्या नळीतून आलेल्या जेलमध्ये ही मांडणी आपोआप कशी येणार? शिवाय जेल पातळ ठेवलं तर पेशी जगतात पण टाका घातला की फाटतं, आणि घट्ट केलं तर नळीतून ढकलताना दाबाने पेशी मरतात. हे जमल्याशिवाय लोकांना आशा दाखवू नये असं मला मनापासून वाटतं, कारण "मशीन येतंय की" म्हणून एखाद्या घराने नेत्रदानाचा फॉर्म बाजूला ठेवला तर तेवढे दोन डोळे गेलेच ना.

निळीशाई:
फॉर्मचा मुद्दा मान्य, पण मांडणी आपोआप येत नाही म्हणून थांबायचं का? २०२२ मध्ये हैदराबादला एल. व्ही. प्रसाद आय इन्स्टिट्यूट, आयआयटी आणि सीसीएमबी ही पेशींवर संशोधन करणारी संस्था यांनी मिळून जे केलं ते बघा. माणसाच्याच कॉर्नियातल्या पेशी काढून टाकून मागे उरलेल्या जाळीपासून इंक बनवली, त्यात स्टेम सेल्स (ज्यांच्यापासून नव्या पेशी तयार होतात त्या मूळ पेशी) घातल्या आणि छापलेला कॉर्निया सशाच्या डोळ्यात बसवला. अशा कामाला प्रत्यारोपणात न चालणारे कॉर्नियाही चालू शकतात, नाहीतर ते वायाच जातात.

कंदील:
ससा आणि माणूस यात एक मोठा फरक आहे. सशाच्या कॉर्नियाच्या आतल्या थरातल्या पेशी पुन्हा वाढतात, आपल्या जवळजवळ वाढतच नाहीत. त्यामुळे सशात चांगलं दिसलं म्हणून लगेच माणसात उडी मारता येत नाही.

मधलीवाट:
तुम्ही दोघंही "कॉर्निया" असा एकच पदार्थ धरून भांडताय, पण पेशंटला नेमका कुठला थर हवाय ते कुणी विचारतच नाहीये. आतला थर म्हणजे एंडोथेलियम, तो सतत पाणी बाहेर ओढत राहतो म्हणून कॉर्निया फुगत नाही, आणि तो बिघडलेल्यांची संख्या फार मोठी आहे, त्यांना पूर्ण कॉर्निया लागतच नाही. जपानमध्ये क्योटोत डॉ. किनोशिता यांनी लॅबमध्ये वाढवलेल्या या थराच्या पेशी नुसत्या इंजेक्शनने ११ जणांच्या डोळ्यात सोडल्या, २०१८ ला तो अभ्यास छापून आला आणि २०२३ मध्ये जपानने त्या उपचाराला मंजुरीसुद्धा दिली. एका दात्याच्या पेशी बऱ्याच जणांना पुरतात. आणि केरॅटोकोनसवाल्यांसाठी (यात कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो) डुकराच्या कातडीतलं कोलेजन वापरलेलं इम्प्लांट भारत आणि इराणमधल्या २० जणांना बसवलं, त्यातले १४ आधी अंध होते, दोन वर्षांनी एकही अंध नव्हता. यात प्रिंटर कुठेच नाही. म्हणून पैसा आधी इथे लावा, असं माझं स्पष्ट म्हणणं.

निळीशाई:
पण प्रिंटर माणसापर्यंत पोचलाय! ऑक्टोबर २०२५ मध्ये इस्रायलमधल्या हैफाच्या रांबाम हॉस्पिटलात प्रिसाइज बायो कंपनीचा छापलेला इम्प्लांट पहिल्यांदा पेशंटला बसवला. एका दात्याच्या कॉर्नियापासून साधारण ३०० इम्प्लांट होतील असं कंपनी सांगते. सत्तरात एकच्या जागी एकात तीनशे, हा हिशोब तुम्हाला हलवत नाही का?

कंदील:
हलवतो, खोटं कशाला बोलू. पण तो इम्प्लांटसुद्धा एंडोथेलियमच्या आजारासाठीच आहे, आणि त्याच्या पेशी दात्याकडूनच आल्या. म्हणजे "नेत्रदानाची गरज उरणार नाही" हे तुमचं वाक्य तुमच्याच उदाहरणाने खोडलं जातं. उलट प्रत्येक दात्याची किंमत तीनशे पटीने वाढते.

ओलीकाच:
आईला दोनदा कॉर्निया बसवलाय म्हणून लिहितेय. पहिला दोन वर्षं मस्त चालला, आई स्वतः सुईत दोरा ओवायला लागली, मग एक दिवस डोळा लाल, दुखायला लागला आणि दिसणं धुरकट झालं. रिजेक्शन, म्हणजे शरीराने तो परका म्हणून नाकारला. स्टेरॉइडचे ड्रॉप्स तासातासाला घातले, तरी गेला तो. दुसऱ्यासाठी परत रांगेत, आणि एकदा रिजेक्ट झालं की पुढच्या वेळी धोका वाढतो. त्यामुळे छापलेला आहे की इंजेक्शनने सोडलेला याने मला काही फरक पडत नाही, माझा प्रश्न एवढाच की पेशी परक्या असतील तर शरीर त्यांच्यावरही उठणारच ना? मग यात आईला नवीन काय मिळालं?

मधलीवाट:
ताई, परक्या पेशी असल्या तर धोका राहतोच. फक्त पूर्ण जाडीच्या कॉर्नियापेक्षा आतला पातळ थर बदलला तर रिजेक्शन बरंच कमी होतं, हे आजच्या साध्या ऑपरेशनांतही दिसलेलं आहे. आईंचं पूर्ण जाडीचं केलं होतं का?

ओलीकाच:
हो, पूर्ण. लहानपणीच्या जखमेचं फूल होतं.

कंदील:
मग त्यांना स्ट्रोमाच लागणार होता, आणि नेमकं तेच छापणं अजून जमलेलं नाहीये. माझा पहिल्यापासून हाच मुद्दा.

निळीशाई:
आणि माझा हा की नेमकं त्यांच्यासाठीच ते जमवायला हवं. आतल्या थराचं काम इंजेक्शनने होत असेल तर होऊ दे, प्रिंटरचा पैसा स्ट्रोमावर लावा, पुढे पेशंटच्या स्वतःच्या पेशी वापरून. "गरज उरणार नाही" हे वाक्य मी मागे घेते, ते चुकलंच. ओलीकाच, दुसरा कॉर्निया आता कसा आहे?

ओलीकाच:
चौथं वर्ष चालू आहे. ड्रॉप्स दिवसातून एकदा, अजून बंद केलेले नाहीत.