बेसबॉल: होम प्लेट (बॅटरची जागा) ते पहिला बेस, पळण्याचा वेग कसा वाढवायचा?

चोपडा_डगआऊट
नमस्कार मंडळी. चोपड्यात १४ ते १६ वयाची शाळेची मुलं आहेत. दमसास चांगला, रोज मैदानाला दहा फेऱ्या मारतात. पण इनफिल्डमध्ये (बेसजवळच्या आतल्या भागात) बॉल गेला की पहिल्या बेसवर अर्ध्या पावलाने आऊट होतात. स्टिलमध्येही, म्हणजे पिचर (बॉल टाकणारा) बॉल टाकत असताना पुढचा बेस चोरतानाही तेच. जिम नाही, ट्रॅक नाही. कोणते ड्रिल, किती घ्यावेत?

धुळे_शॉर्टस्टॉप
भाऊ, आधी त्या दहा फेऱ्या थांबवा. होम ते पहिला बेस ९० फूट, म्हणजे २७.४३ मीटर. चार-पाच सेकंदांत निकाल लागतो. संथ फेऱ्यांनी दम वाढतो, वेग नाही. उलट पाय थकलेले राहतात.

आठवड्यातून तीन दिवस, एकाआड एक. पंधरा मिनिटं वॉर्मअप, शेवटी चढत्या वेगाच्या तीन धावा. मग १० मीटरच्या सहा स्प्रिंट: दोन उभ्याने पुढे झुकून, तोल गेला की सुटायचं, दोन पुशअपच्या स्थितीतून, दोन बॅटचा पूर्ण स्विंग मारून. त्यानंतर २७ मीटरच्या चार. विश्रांती दर १० मीटरला एक मिनिट, म्हणजे २७ मीटरनंतर जवळपास तीन मिनिटं. मुलं कंटाळतात आणि कोच घाई करतो, इथेच सगळं बिघडतं. दम भरलेल्या पायांनी पळालं की तो स्टॅमिनाचा सराव होतो. स्टॉपवॉचवर कुणाचा वेळ त्याच्या त्या दिवशीच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा दोन दशांश सेकंदांनी वाढला, की त्याचं त्या दिवसाचं काम संपलं.

पहिली सात-आठ पावलं छाती पुढे, नजर खाली. सुटल्या सुटल्या ताठ उभा राहणारा मुलगा तिथेच मागे पडतो.

जळगाव_थर्डबेस
वरच्यात भर. अर्धं पाऊल बऱ्याचदा बेसजवळच जातं. पहिला बेस ओलांडून पळायची मुभा आहे, म्हणून बेसच्या पुढे ४-५ मीटरवर फक्कीची रेष मारा आणि तिथपर्यंत पूर्ण वेगाने पळवा. बेसवर उडी नको, हवेत वेग मिळत नाही. पाय बेसच्या पुढच्या कडेवर पडावा.

डबलसाठी, म्हणजे एका फटक्यात दुसऱ्या बेसपर्यंत जायचं असेल तर, पहिल्या बेसच्या ५-६ मीटर आधी उजवीकडे थोडं बाहेर जाऊन आतला कोपरा दाबायचा, शरीर आत झुकलेलं. कोणता पाय पडतो यावर अडू नका. पाय जुळवायला गेला की वेग मोडतो.

स्टिलला उजवा पंजा किंचित बाहेर वळलेला. सुटताना डावा पाय समोरून ओलांडून थेट दुसऱ्या बेसकडे. आधी डावा मागे टाकून उचलणं ही नेहमीची चूक. शिट्टीवर सराव घेऊ नका, समोर पिचर उभा करा. मुलांनी त्याची पुढची टाच बघून सुटायला शिकलं पाहिजे.

चोपडा_डगआऊट
धन्यवाद दादा. दोघांची मांडी मागून धरते, त्यांचं काय? टायर ओढायला लावू का?

धुळे_शॉर्टस्टॉप
दुखणं पूर्ण थांबेपर्यंत त्या दोघांना स्प्रिंट नको, डॉक्टरांना दाखवा. बाकीच्यांना नॉर्डिक, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम: गुडघ्यावर बसवा, साथीदाराने घोटे दाबायचे, कंबर सरळ ठेवून हळूहळू पुढे पडायचं. पाचचे दोन सेट, आठवड्यातून दोनदा, स्प्रिंट झाल्यावर. सुरुवातीला अंग दुखेल, म्हणून मॅचच्या आदल्या दिवशी नाही.

टायर स्कूटरचा पुरे, तोही १५ मीटरपर्यंतच. ट्रॅक्टरच्या टायरने पळण्याची ढबच बदलते.

जळगाव_थर्डबेस
आणि मैदान बघा. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात, पाऊल अडकून घोटा मुरगळतो. धावपट्टीवर माती भरून, पाणी मारून रोलर फिरवा. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आत आटपा.