पीडीएफ पुरत नाही, फाइल मागा

दुकानातल्या मालाचे दर बदलले की डीलर व्हॉट्सॲपवर दरपत्रकाचा पीडीएफ पाठवतो, तेवढं पुरे, असं एकांनी म्हटलंय. नाही हो, पुरत नाही. पीडीएफ माणसाने वाचायचा. बिलिंगमध्ये दर हातानेच टाकावे लागतात. 22 सप्टेंबर 2025 ला साबण, शाम्पू, टूथपेस्टचा जीएसटी 18 वरून 5 टक्के झाला, तेव्हा चिपळूणच्या आमच्या दुकानात मी आणि बायको रात्री दीडपर्यंत एकेक दर टाकत बसलो होतो. तरी दोन चुकलेच.

मोठ्या साखळी दुकानांत हे काम ईडीआयने होतं, म्हणजे एका कंपनीचा संगणक दुसरीच्या संगणकाला थेट माहिती पाठवतो. अशा संदेशांच्या एडिफॅक्ट या आंतरराष्ट्रीय मानकात त्यासाठी प्रायकॅट नावाचा खास संदेशच आहे: बारकोड, दर, कधीपासून लागू, सगळं ठरल्या जागी. आपल्याला एवढं नको. डीलरकडे साधी एक्सेल मागा; बारकोड, एमआरपी, खरेदी दर, एचएसएन (जीएसटीसाठीचा मालाचा कोड), जीएसटी आणि लागू होण्याची तारीख. तारखेवर अडून बसा, ती हमखास गाळतात.

बारकोडचा कॉलम मात्र टेक्स्ट ठेवा. नाहीतर 890 ने सुरू होणारे तेरा आकडे एक्सेल आखडून दाखवतं आणि सीएसव्ही (बिलिंगमध्ये चढवायची साधी फाइल) सेव्ह केली की शेवटचे आकडे शून्य होतात. मग एकही वस्तू जुळत नाही.

आणि नवीन दर आला म्हणून जुना पुसू नका. बारकोड तोच असला तरी फळीवर जुन्या छापील किमतीचा माल असतो. सॉफ्टवेअरने बिल करताना दोन्ही एमआरपी दाखवून विचारायला हवं, कारण पाकिटावर छापलंय त्यापेक्षा जास्त घेता येत नाही.