मदत हवी आहे: बिनटपाच्या किट कारने आल्प्स – व्हिसा, घाट आणि कार्ब्युरेटर

नमस्कार मंडळी,

इंग्लंडात, मिडलंड्समध्ये राहतो. येत्या जूनच्या अखेरीस आमचा गट फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली असा घाटांचा दौरा करणार आहे. सगळ्या गाड्या किट कार, सगळ्या बिनटपाच्या. गटात भारतीय पासपोर्टवाले आम्ही दोघेच, मी आणि बायको. बाकीच्यांना विचारून काही प्रश्न सुटत नाहीत, म्हणून हा धागा.

किट कार माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात. लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमनने १९५७ मध्ये लोटस सेव्हन ही गाडी काढली. सुटे भाग विकत घेऊन घरीच गाडी जोडली की त्या काळचा खरेदीकर लागत नसे, म्हणून लोक आपापल्या गॅरेजात पाने-स्क्रूड्रायव्हर घेऊन बसायचे. १९७३ पासून ती गाडी केटरहॅम या नावाने बनते, आणि त्याच धाटणीची किट पुढे इतरांनीही काढली. माझी वेस्टफील्ड त्यातलीच. जोडून झाली की आयव्हीए नावाची सरकारी तपासणी पार करायची, मग नंबर मिळतो. लांब नाक, दोनच माणसं, दार म्हणजे बटणं लावलेलं कापड. आपली अल्टो हिच्यापेक्षा जड भरेल.

बेत असा: इंग्लंडातल्या फोकस्टनहून गाडी रेल्वेत चढवून ३५ मिनिटांत फ्रान्समधलं कॅले. मग रॅन्सजवळ ग्यू इथे जुन्या शर्यतीच्या मैदानाचे पडीक स्टँड अजून रस्त्याकडेला उभे आहेत, तिथे फोटो काढायचे (१९६६ ची फ्रेंच ग्राँप्री तिथली शेवटची). पुढे स्वित्झर्लंडात ग्रिम्सेल आणि फुर्का हे घाट, मग गोट्ठार्ड उतरून इटली, स्टेल्वियो, आओस्ता, आणि लिटल सेंट बर्नार्डवरून परत फ्रान्समध्ये इझराँ आणि गॅलिबिए.

आता डोकं खाणारा प्रश्न, व्हिसा. शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) नियम असा की ज्या देशात मुक्काम जास्त, त्याच देशाकडे अर्ज करायचा. मुक्काम सारखा असेल तर जिथून आत शिरणार त्या देशाकडे. आमच्या फ्रान्स आणि इटलीच्या रात्री सध्या अगदी बरोबरीत आहेत, म्हणजे फ्रान्स. पण आमचा म्होरक्या निवृत्त गृहस्थ आहे, माणूस फार प्रेमळ, नकाशा दिसला की मात्र त्याचे हात शिवशिवतात. परवा त्याने आओस्तात आणखी एक रात्र घातली. झालं, आता इटली पुढे! शिवाय त्याचं म्हणणं, हॉटेलं आधी कशाला घ्यायची, संध्याकाळी पोचू तिथे बघू. मी त्याला सांगितलं की अर्जासोबत राहण्याची सोय दाखवावी लागते, किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा दाखवावा लागतो, अर्ज सहा महिन्यांच्या आधी चालत नाही आणि निघायच्या १५ दिवस आधीपर्यंत तरी द्यावाच लागतो. त्याने सहानुभूतीने मान हलवली आणि दुसरी बिअर मागवली.

तर: फ्रान्सचा व्हिसा घेतला आणि प्रत्यक्षात इटलीत एखादी रात्र जास्त पडली, तर कोणी विचारतं का? कुणाचा अनुभव?

दुसरं, माझ्या इंजिनावर मोटरसायकलचे कार्ब्युरेटर बसवलेत. इथे सपाटीवर झकास चालतात. इझराँ २७६४ मीटर, स्टेल्वियो २७५७. जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) बदलून न्यावेत का? गटात इतरांकडे कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आहे, ते नुसते हसतात.

तिसरं, पाऊस. कापडी टप आहे, पण तो लावायला लागणाऱ्या वेळात माणूस भिजून निघतो. पळत्या गाडीत पाऊस काचेवरून डोक्यामागे जातो हे खरं, पण सिग्नलला थांबलं की मांडीवर तळं. टायर रेसिंगकडे झुकणारे आहेत, कोरड्यात चिकटतात, गार ओल्या रस्त्यावर भरवसा नाही. बदलू का?

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद, जिनीव्हाहून

आधी व्हिसा. अर्ज ज्या बेतावर करता तो खरा असला पाहिजे, एवढं सांभाळा. रस्त्यात घाट बंद निघाला आणि एक रात्र इकडची तिकडे झाली, तर त्यासाठी कारण असतं आणि हॉटेलच्या पावत्या असतात. पण इटलीत जास्त राहायचं हे आजच ठरलं असेल आणि तरी फ्रान्सकडे अर्ज केलात, तर ते वेगळं. रद्द करता येणारी हॉटेलं घ्या. दिवसवार मार्ग लिहिलेलं पत्र जोडा, गाडीच्या नोंदणीच्या कागदाची प्रत जोडा. उघड्या गाडीतून आल्प्स चढणारं जोडपं त्यांनाही रोज भेटत नसेल. आणि लक्षात घ्या, फ्रेंच तपासणी फोकस्टनलाच होते, कॅलेला नाही. अडलात तर बाकीच्या गाड्या रेल्वेत चढतील आणि तुम्ही दोघं घरी याल. परतीसाठी ब्रिटनचा ई-व्हिसा सध्याच्या पासपोर्टला जोडलेला आहे ना, तेही बघून घ्या.

म्होरक्यावर उपाय सांगतो. त्याला म्हणावं, स्टेल्वियोपेक्षा उंच रस्ता फ्रान्समध्ये आहे. गॅलिबिएवरून ब्रियांसाँ, पुढे व्हार्स, आणि झोझिएहून बोनेत. त्या शिखराभोवतीचा फेरा २८०२ मीटरवर जातो. हा आकडा ऐकला की आओस्तातली ती रात्र तो स्वतःच खोडेल, आणि तुमचं फ्रान्सचं पारडं जड.

स्टेल्वियोचं कौतुक मला कधी कळलं नाही. एका बाजूला ४८ वळणं, आणि सुट्टीच्या दिवशी प्रत्येक वळणात सायकलवाले, बस, कॅम्परव्हॅन. जायचंच तर सूर्य उगवताना जा. गोट्ठार्डला १७ किलोमीटरच्या बोगद्यात अजिबात शिरू नका, उघड्या गाडीत तो सगळा धूर तुमच्याच नाकात. वरून जा. दक्षिण उतारावरचा जुना त्रेमोला रस्ता दगडी फरसाचा आहे, सुंदर आहे, तुमच्या कडक स्प्रिंगवर कंबर मात्र मोजून निघेल. बर्फामुळे हे उंच घाट कधी उघडतील ते दरवर्षी वेगळं असतं. निघायच्या आदल्या आठवड्यात पाहा आणि पर्यायी मार्ग तयार ठेवा.

स्वित्झर्लंडात पिवळ्या पोस्टबसला डोंगरी रस्त्यावर पहिला मान. तिचा तीन सुरांचा भोंगा रोसिनीच्या विल्यम टेल या ऑपेरामधला आहे. वळणाआड तो ऐकू आला की जागा दिसेल तिथे बाजूला व्हा, चालक सांगेल तर मागेही घ्या. महामार्गाचा वर्षाचा पास ४० फ्रँकचा, आता ऑनलाइनही मिळतो.

प्रतिसाद, पुण्याहून

कार्ब्युरेटरचं मी सांगतो. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाऊणपटीच्या जरा खाली. हवा कमी, पेट्रोल मात्र जेट त्या मानाने कमी सोडत नाही, म्हणून मिश्रण घट्ट होतं. गाडी जड वाटेल, आयडलिंगला घुटमळेल, सायलेन्सरमधून काळपट धूर येईल. ताकद चौथाईच्या आसपास जाणार, ती जेट बदलूनही परत येत नाही. इंजेक्शनवाल्यांचीही जाईल, तेव्हा त्यांनी हसू नये. लेहला कार्ब्युरेटरची बुलेट नेणाऱ्यांना हे पाठ असतं, आणि तिथे खार्दुंगला ५३०० मीटरच्या वर आहे. तुम्ही घाटमाथ्यावर तासभर असणार, मग उतार. त्यासाठी जेट बदलू नका. घट्ट मिश्रणाने प्लग काळे होतील, एवढंच. पातळ मिश्रणाने पिस्टन जातो. कमी मापाचे जेट वर बसवले आणि खाली येऊन तसेच विसरलात तर ते महागात पडेल. प्लगचा जादा संच आणि पाना ठेवा.

मला काळजी रेडिएटरची. चढावर पहिला-दुसरा गिअर, वेग कमी, वारा नाही. पंखा आपोआप लागतो त्याशिवाय हाताने चालू करायचं बटण डॅशवर असू द्या. पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टजवळून जात असेल तर त्याला गुंडाळी करा, नाहीतर थांबल्यावर पेट्रोलची वाफ होऊन गाडी सुरू होणार नाही. जुने रबरी पाइप असतील तर बदला, पेट्रोलमधलं इथेनॉल त्यांना खातं. उतारावर ब्रेक दाबून बसू नका, ज्या गिअरमध्ये चढलात त्यातच उतरा. गाडी हलकी आहे म्हणून ब्रेक तापत नाहीत असं नाही.

प्रतिसाद, म्युनिकहून

टायर बदला. जूनमध्येही वर सकाळी पाणी गोठायच्या बेताला असतं.

गटाने चालताना एकामागे एक रांग धरून ठेवायचा हट्ट नको, मागचा मग वेडंवाकडं ओव्हरटेक करतो. मोटरसायकलवाल्यांची रीत घ्या: वळण आलं की म्होरक्यामागची गाडी तिथे थांबते, सगळ्यांना दिशा दाखवते आणि शेवटची गाडी आली की तिच्या पुढे निघते. शेवटची गाडी ठरलेली हवी, तिच्यात हत्यारं आणि शहाणा माणूस. वॉकीटॉकी पीएमआर ४४६ घ्या, युरोपात परवाना लागत नाही. हेडसेटसकट घ्या मात्र, उघड्या गाडीत नुसता स्पीकर ऐकू येत नाही.

विमा कंपनीला लेखी विचारा. ब्रिटिश पॉलिसी युरोपात मुळात फक्त थर्ड पार्टीपुरती लागू असते, पूर्ण विमा वाढवून घ्यावा लागतो. ब्रेकडाउन सेवेत किट कार बसते का, आणि गाडी परत ब्रिटनला आणून देणार का, हेही. सगळ्यांकडे धोक्याचा इशारा देणारे त्रिकोण आणि चमकणारी जाकिटं हवीत. जाकीट डिकीत नको, सीटशेजारी हवं, फ्रान्समध्ये गाडीतून उतरायच्या आधी अंगात घालायचं असतं. हेडलाइटला उजव्या बाजूच्या वाहतुकीसाठीचे स्टिकर. नंबर प्लेटवर यूके अक्षरं नसतील तर मागे यूकेचा स्टिकर लावा, जुना जीबी आता चालत नाही. आणि फ्रेंच गावांतले गतिरोधक! तुमचं ऑइल संप (इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं) जमिनीपासून बोटभर वर असेल, तिरपे घ्या.

धागाकर्ता

मनापासून आभार. बोनेतचा आकडा म्होरक्याला पाठवला. दहा मिनिटांत नवा नकाशा आला, आओस्तातली जादा रात्र गेली, वर फ्रान्समध्ये दोन वाढल्या. हॉटेलं आम्हा दोघांपुरती आजच घेतो, बाकीच्यांनी संध्याकाळी बघावं.

टोलनाक्यांचं कोडं मात्र राहिलं: आमची गाडी उजव्या हाताची, तिकडची यंत्रं डाव्या बाजूला, म्हणजे सगळे टोल बायकोकडे. तिचं म्हणणं, सीट इतकी खाली आहे की यंत्राचं बटण दिसतं, हात पोचत नाही. फ्रान्सच्या टोलचा टॅग इंग्लंडातून मागवता येतो असं ऐकलंय. कुणी मागवलाय का? आणि काच इतकी आखूड असलेल्या गाडीत तो वाचला जातो का?