मदत हवी आहे: विहिरी, बोअर आणि पाणी तपासणीचा ग्रामसभेचा जुना ठराव बदलायचाय (निफाड, नाशिक)

मळ्यातली_ताई:

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीची मी सदस्य आहे, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीवरही आहे. येत्या ग्रामसभेत विहिरींबाबतचा जुना ठराव बदलायचं ठरलंय आणि मसुद्याचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

जुना ठराव नव्वदच्या दशकातला. १९९३ च्या भूजल कायद्याचा दाखला देऊन त्यात एकच गोष्ट लिहिली आहे: पिण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर नको. पाणी पिण्याजोगं आहे का, याबद्दल चकार शब्द नाही. आता गावविहिरीचा रासायनिक अहवाल आलाय. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, आमचा आकडा साठीच्या पुढे. विहिरीच्या तीन बाजूंना द्राक्षबागा, चौथीकडे गोठे आणि उकिरडे, त्यामुळे नवल वाटलं नाही. समितीच्या बैठकीत मात्र एवढाच निष्कर्ष निघाला, की शिपायाला टीसीएल (ब्लीचिंग पावडर) जरा जास्त टाकायला सांगा!

आता अडलंय ते असं. १९९३ चाच कायदा धरायचा की नवा? नवीन बोअरवर ग्रामपंचायत स्वतः बंदी घालू शकते का? आमच्याकडे निम्मी वस्ती मळ्यात राहते आणि स्वतःच्या विहिरीचं नाहीतर बोअरचं पाणी पिते. त्यांना तपासणीची सक्ती करता येईल? आणि कोरड्या गेलेल्या बोअरचं काय? शेजारच्या मळ्यात असंच एक आहे. तोंडावर युरियाची रिकामी गोणी आणि गोणीवर दगड, बस्स. बाजूलाच पोरं क्रिकेट खेळतात.

"वकील गाठा" सोडून काहीही सुचवा.

दप्तरवाला_काका:

ताई, १९९३ चा कायदा आता विसरा. त्याच्या जागी महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ आहे, तो १ जून २०१४ पासून लागू झाला. मसुद्यात तोच लिहा. राज्य पातळीवर भूजलाचं प्राधिकरण म्हणजे महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण, आणि तांत्रिक बाजू भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे. ६० मीटर किंवा त्याहून खोल गेलं की या कायद्याच्या भाषेत ती "खोल विहीर", आणि तिच्यावर वेगळी बंधनं येतात. आपल्याकडे दोनशे फुटांवर कोणी थांबत नाही हा भाग वेगळा.

बंदीचं म्हणाल तर ठरावात "बंदी" शब्द घालूच नका. तो अधिकार ग्रामसभेच्या ठरावातून येत नाही. उद्या कोणी आव्हान दिलं तर सगळा ठराव पोकळ ठरेल आणि चांगली कलमंही त्यासोबत जातील. त्याऐवजी असं लिहा, की गावविहीर हा पिण्याच्या पाण्याचा सार्वजनिक स्रोत म्हणून कायद्याने संरक्षित व्हावा यासाठी ग्रामपंचायत प्रस्ताव पाठवेल, आणि तिच्या परिसरात नवं खोदकाम दिसलं तर तहसील कार्यालयाला लेखी कळवेल. कळवायचं कोणी, तेही लिहा. नाव नको, पद लिहा. नाहीतर ठराव फाईलला लागतो आणि फाईल कपाटाला.

काळा_पाषाण:

भूजलात काम करतो, म्हणून पाण्याच्या गुणवत्तेबद्दल तेवढं सांगतो.

टीसीएलने जंतू मरतात, नायट्रेट तसूभर हलत नाही. पाणी उकळलं तर उलट थोडं वाढतं, कारण पाणी वाफ होऊन जातं आणि क्षार मागे राहतात. टीसीएल बंद करा असं मात्र म्हणत नाही, ते जंतूंसाठी हवंच. नायट्रेटचा खरा धोका सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला. वरचं दूध याच पाण्यात कालवलं तर रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद घटते, बाळ निळसर दिसू लागतं. ज्या घरांत एवढं लहान बाळ आहे त्यांना आशाताईंकरवी आजच निरोप द्या, ग्रामसभेची वाट बघू नका.

घाबरायच्या आधी अहवालातलं एकक बघा. आपलं भारतीय मानक (आयएस १०५००) ४५ म्हणतं ते पूर्ण नायट्रेट धरून. काही प्रयोगशाळा नुसत्या नायट्रोजनच्या हिशेबाने आकडा देतात, तिथे ही मर्यादा साधारण १० होते. तुमचा साठ जर नायट्रोजनचा असेल तर प्रकरण चौपट गंभीर आहे.

अंतराबद्दल. शोषखड्डा विहिरीपासून १५ मीटर लांब हवा असं आरोग्य खात्याची मंडळी सांगतात. ते किमान समजा. आपला खडक बेसाल्ट. वरचा मुरूम पाणी थोडं तरी गाळतो, पण खाली पाणी भेगांतून पळतं आणि भेग टेप लावून चालत नाही. विहिरीत आडवे बोअर मारले असतील तर तुमची विहीर प्रत्यक्षात त्या बोअरांच्या टोकापर्यंत पसरलेली आहे. ते कुठल्या दिशेला गेलेत हे गावात कुणाला तरी ठाऊक असतंच, विचारून नकाशावर काढा. एखादा आडवा उकिरड्याखाली गेलेला निघाला तर कोड्याचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

ठरावात तपासणीची वेळही लिहा. जंतूंसाठी वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर. रासायनिक निदान एकदा. जंतूंच्या तपासणीची बाटली प्रयोगशाळेतूनच घ्या, ती निर्जंतुक केलेली असते, तिला विसळायचं नाही (लोक हमखास विसळतात). रासायनिकच्या कॅनला उलट त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळायचं.

मळ्यातली_ताई:

एकक बघितलं, पूर्ण नायट्रेटच आहे. बाळांच्या घरी निरोप गेलाय. दप्तरवाले काका, "बंदी" शब्द खोडला.

मळ्यांतल्या तपासणीचा विषय काढला तर वेगळीच कुजबुज सुरू झाली. अहवाल फळ्यावर लागला तर बागेचं नाव खराब होईल, सोयरीक जुळवायला येणारे पाहुणे सुद्धा विचारतील. हसू नका, हे मला तोंडावर सांगितलंय.

दप्तरवाला_काका:

हसत नाही, खरंच आहे ते. खासगी विहिरींना सक्ती नको. सोय द्या. गावच्या सार्वजनिक स्रोतांचे अहवाल फळ्यावर, आकड्यांसकट. खासगीचा निकाल बंद पाकिटात ज्याचा त्याला. जलजीवन मिशनमधून गावोगाव तपासणी संच दिलेत आणि बायकांना वापरायला शिकवलंय, तुमच्या गावचा संच कुठे धूळ खातोय ते बघा. आधी स्वतःच्या मळ्यातलं पाणी तपासून निकाल सांगा, मग बघा कशा बाटल्या येतात.

सिन्नरचा_गडी:

बोअरच्या गोणीवर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये उघड्या बोअरबाबत निर्देश दिलेत. बोअर घेण्याआधी १५ दिवस जमीनमालकाने लेखी कळवायचं. कामाच्या जागी मालकाचा आणि बोअर मारणाऱ्या गाडीवाल्याचा पत्ता असलेला फलक लावायचा. केसिंगभोवती (बोअरमध्ये घातलेल्या पाइपाभोवती) सिमेंटचा ओटा, तोंडाला वेल्ड केलेली लोखंडी प्लेट किंवा पक्कं झाकण. फसलेलं बोअर माती, वाळू, दगडगोट्यांनी तळापासून जमिनीपर्यंत भरायचं. हे ठरावात जसंच्या तसं उतरवा, याला कोणी विरोध करत नाही.

आमच्याकडे गाडी रात्री येते आणि पहाटे निघून जाते, त्यामुळे गाडीवाल्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. आम्ही जबाबदारी जमीनमालकावर टाकली. आणि बोअर बुजवण्यामागे पाण्याचंही कारण आहे. उघडं बोअर म्हणजे बागेतलं खताचं पाणी थेट खाली सोडणारी नळी.

मळ्यातली_ताई:

हे शेवटचं वाक्य ग्रामसभेत वाचून दाखवणार आहे. कलम असं केलंय, बघा जमतंय का:

"गावच्या हद्दीतील प्रत्येक विहीर व बोअर यांची नोंद ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत राहील. नवीन बोअर घेणाऱ्या जमीनमालकाने १५ दिवस आधी लेखी सूचना द्यावी. पाणी न लागलेले बोअर जमीनमालकाने तळापासून जमिनीपर्यंत भरून घ्यावे व ग्रामपंचायतीने पाहणी करून तशी नोंद घ्यावी."

दप्तरवाला_काका:

"पाहणी करून" च्या पुढे "सात दिवसांत" घाला. आणि भरून घेण्यालाही मुदत द्या, महिनाभर पुरे. बाकी ठीक आहे.