स्कॉटलंडमध्ये भारतीय पासपोर्टवर मतदार नोंदणी: करावी का? आणि आपण नक्की कुठले?

रीडिंगवाला

नमस्कार मंडळी. मार्चमध्ये रीडिंगहून एडिंबराला बदली झाली. मी, बायको आणि चौदा पूर्ण झालेली मुलगी. तिघांचे पासपोर्ट भारतीय, मी स्किल्ड वर्कर व्हिसावर, त्या दोघी माझ्यामागे डिपेंडंट.

परवा दारात मतदार नोंदणीचं पत्र पडलं होतं. घरात कोण कोण राहतं ते भरून द्या म्हणतात. भरावं का? उद्या भारतात कुणी विचारलं की परदेशात मतदान का केलंत, तर पंचाईत नको. दुसरं म्हणजे पगाराच्या स्लिपवर टॅक्स कोडच्या आधी S आलाय आणि हातात येणारी रक्कम घटलीय. तिसरं मुलीच्या कॉलेजचं. इथे पदवीला फी नाही असं सगळे सांगतात. ते आम्हालाही लागू आहे का?

आणि एक गंमत. ऑफिसात जेवताना एकजण म्हणाला, "आता तू स्कॉटिशच." रीडिंगमध्ये इतकी वर्षं काढली, पण तू आता इंग्लिश झालास असं कुणी चुकूनही म्हणालं नव्हतं. हे नुसतं बोलायचं म्हणून असतं की त्यामागे काही आहे?

आकडेमोड

S म्हणजे स्कॉटिश करदाता. तुमचं मुख्य घर कुठे आहे यावर ते ठरतं. पासपोर्ट कुठला, ऑफिस कुठे, याचा संबंध नाही. सीमेपलीकडे बेरिकला राहून रोज एडिंबराला कामाला येणारा माणूस इंग्लंडच्याच दराने भरतो. २०२५-२६ च्या दरांनी ५०,००० पौंड पगारावर इंग्लंडपेक्षा साधारण १,५०० पौंड जास्त जातात, कारण इथे ४२ टक्क्यांचा टप्पा ४३,६६२ ला सुरू होतो आणि तिकडे ४० टक्क्यांचा ५०,२७० ला. नॅशनल इन्शुरन्स मात्र दोन्हीकडे सारखाच. बँकेच्या व्याजावरचा करही लंडनच्याच दराने. म्हणजे तुमच्या खिशातला पगार स्कॉटिश आणि मुदत ठेव ब्रिटिश. स्थायिक व्हा, सवय होईल.

टेकाठची सातारकरीण

रीडिंगवाले, पत्र भरा आणि परत पाठवा. भारतीय नागरिक हा इथे कॉमनवेल्थचा नागरिक, आणि कायदेशीर वास्तव्य असलेल्या कॉमनवेल्थच्या माणसाला या देशात सगळ्या निवडणुकांत मत आहे. वेस्टमिन्स्टर म्हणजे लंडनची संसद, होलीरूड म्हणजे एडिंबराची स्कॉटिश संसद, कौन्सिल, सगळीकडे. रीडिंगमध्येही होतं. तुम्ही वापरलं नाहीत एवढंच. बरेच जण वापरत नाहीत, साहेबाच्या देशात आपल्याला कोण विचारतो असं धरून चालतात. भारताकडून काळजी नको. आपलं नागरिकत्व जातं ते दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की, १९५५ च्या कायद्याचं कलम ९. मत दिल्याने काही जात नाही.

तुमच्या ऑफिसातल्या माणसाचं म्हणाल, तर तो उगाच बोलला नाही. मी डंडीत आले तेव्हा 'फ्रेश टॅलेंट' नावाची योजना होती. स्कॉटलंडच्या विद्यापीठात शिका आणि नंतर दोन वर्षं इथेच काम करा. लोकसंख्या घटते म्हणून एडिंबराच्या सरकारने लंडनकडून ती पदरात पाडून घेतली होती, २००५ मध्ये. २००८ ला लंडनने ती सगळ्या देशाच्या पॉइंट्सच्या पद्धतीत मिसळून टाकली. २०२० च्या जानेवारीत इथल्या सरकारने वेगळ्या स्कॉटिश व्हिसाचा प्रस्ताव मांडला, तो लंडनने त्याच दिवशी नाकारला. कुणाला आत घ्यायचं हे इथल्या सरकारच्या हातात नाही, पण आत आलेल्याला काय द्यायचं यातलं बरंच आहे. या एका गोष्टीवरून तुम्हाला पुढचं सगळं कळेल.

औषधांना पैसे पडत नाहीत, २०११ पासून. तुमच्या मुलीला बसचा पास काढून द्या, बावीस वर्षांची होईपर्यंत स्कॉटलंडभर बस फुकट. तिथे कुणी व्हिसा मागत नाही, पत्त्याचा पुरावा मागतात. मतदानही असंच. २०२० च्या कायद्याने होलीरूडच्या आणि कौन्सिलच्या निवडणुकीत कायदेशीर राहणाऱ्या कुठल्याही परदेशी माणसाला मत दिलं. चिनी, ब्राझिलियन, कुणीही. वेस्टमिन्स्टरला तसं नाही. त्यामुळे एकाच घरात एकाला दोन निवडणुकांचं मत आणि दुसऱ्याला तिन्हींचं, अशा गमती इथे घरोघर आहेत.

आता २०१४ चं सांगते, कारण आपल्या लोकांना ते सांगितलं की खरं वाटत नाही. १८ सप्टेंबरला सार्वमत. 'स्कॉटलंड स्वतंत्र देश व्हावा का?' एवढाच प्रश्न, खाली दोन चौकोन. आमचं केंद्र प्राथमिक शाळेच्या हॉलमध्ये. बोटाला शाई नाही, ओळखपत्र नाही, नाव-पत्ता सांगायचा आणि कागद घ्यायचा. आत दोरीने बांधलेली शिसपेन्सिल. माझ्यापुढचे आजोबा खिशातून स्वतःचं पेन काढून बसले होते, पेन्सिलीचं खोडतील म्हणून. अशी अफवा तेव्हा सगळीकडे होती. ८४.६ टक्के मतदान झालं. गणपतीत आरतीला गर्दी व्हावी तशी सकाळी सातपासून रांग.

त्या रांगेत मी होते, भारतीय पासपोर्ट आणि कायम वास्तव्याचा शिक्का घेऊन. माझ्या समोरच्या घरातल्या बाईंचा मुलगा नव्हता. जन्म डंडीचा, शाळा डंडीची, नोकरी लंडनला. त्याला मत नाही, कारण पत्ता लंडनचा. बाई आठवडाभर चिडलेल्या. माझ्यावर नाही, पण माझ्यासमोर. म्हणायच्या, तुझ्याबद्दल काही नाही गं, पण हा काय न्याय?

आता याची दुसरी बाजू बघा. स्वतंत्र झालो तर काय काय होईल याचा सरकारने सहाशेहून जास्त पानांचा ग्रंथ काढला होता. त्यात नागरिकत्वाचं प्रकरण होतं आणि मी ते पेन घेऊन वाचलं. इथे राहणारे ब्रिटिश नागरिक आपोआप स्कॉटिश होणार. स्कॉटलंडमध्ये जन्मलेले ब्रिटिश नागरिक जगात कुठेही असोत, तेही आपोआप. माझ्यासारख्या बाहेरून आलेल्यांनी अर्ज करायचा, अटी बघून ठरवणार. म्हणजे देश व्हावा की नाही हे ठरवायला मी चालत होते, पण झालेल्या देशात मला रांगेत उभं राहावं लागलं असतं. आणि समोरच्या मुलाला विचारलं नसतं, पण पासपोर्ट घरपोच. दोन्ही नियम एकाच सरकारचे. पहिला राहण्यावर, दुसरा जन्मावर आणि कागदावर. आम्ही सगळ्यांना धरून आहोत असं भाषणात कितीही म्हणोत, पासपोर्ट द्यायची वेळ आली की तेही जुन्याच हिशोबावर येतात.

तिसरी गंमत दोन वर्षांनी. माझी पोलिश सहकारी २०१४ ला मत देऊन आली होती. २०१६ च्या ब्रेक्झिटच्या मतदानात तिला मत नव्हतं, मला होतं. जिच्या राहण्याचा प्रश्न होता तिने घरी बसायचं आणि सातारची मी ठरवायचं. स्कॉटलंडने ६२ टक्क्यांनी राहायचं म्हटलं, तरी गेलोच.

मुलीच्या फीबद्दल मात्र हुरळून जाऊ नका. बस, औषध आणि मत यांना पत्ता चालतो, फीला नुसता पत्ता चालत नाही. कोर्स सुरू होतो त्या वर्षी १ ऑगस्टला तुमचं घर स्कॉटलंडमध्ये असावं लागतं, त्याआधी तीन वर्षं या बेटांवर वास्तव्य लागतं, आणि शिवाय व्हिसा कुठल्या प्रकारचा आहे ते बघतात. नुसतं शिकायला इथे आलेल्यांना धरत नाहीत. फीचे पैसे भरणाऱ्या सरकारी संस्थेला सास म्हणतात. तिचे व्हिसाबाबतचे नियम बदलतात, म्हणून मुलगी दहावीच्या वयात आहे तोवरच तुमचा व्हिसा सांगून त्यांच्याकडून लेखी उत्तर घ्या. ओळखीच्या कुणाचं झालं म्हणून आपलं होईल असं धरू नका. गंमत म्हणजे ब्रेक्झिटपूर्वी वॉर्साचं पोर इथे फुकट शिकायचं आणि न्यूकॅसलचं पोर फी भरायचं. युरोपच्या कायद्यात दुसऱ्या देशाच्या माणसाशी भेदभाव चालत नव्हता, पण आपल्याच देशातल्या शेजाऱ्याशी चालत होता. २०२१ च्या प्रवेशापासून वॉर्साही गेलं.

हे वाचून नाक मुरडण्याआधी आपल्याकडचं आठवा. नागरिकत्व एकच, भारतीय. पण महाराष्ट्राचा अधिवासाचा दाखला काढायला पंधरा वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. सेतू केंद्रात त्यासाठी घातलेल्या खेपा अजून लक्षात आहेत. माझा जन्म साताऱ्याच्या सरकारी दवाखान्यातला, तरी शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची एक वेलांटी जुळेना.

रीडिंगवाला

ताई, खूप आभार. फॉर्म भरतोच. फीचं ऐकून पोटात गोळा आला, पण आत्ताच कळलं हे बरं. मग २०१४ ला तुम्ही शेवटी काय केलंत? विचारू नये, पण विचारतो.

निपाणीकर

टेकाठच्या ताई, वाचून बरं वाटलं आणि थोडं टोचलं. तुमच्याकडे पत्ता धरून सगळं ठरतं म्हणता. आमच्या आजोबांचा पत्ता कधीच बदलला नाही. ३१ ऑक्टोबर १९५६ ला ते मुंबई राज्यात झोपले आणि सकाळी म्हैसूर राज्यात उठले. तंबाखूची वखार तीच, घरही तेच. कागद मात्र कन्नडमधून यायला लागले. कुणी शिसपेन्सिल बांधून ठेवली नव्हती हो आमच्यासाठी. खेडं हा घटक धरा, सलगता बघा, भाषेचं बहुमत बघा, ही मागणी आम्ही तेव्हापासून करतोय. महाजन आयोगाने १९६७ मध्ये निपाणी महाराष्ट्राला द्यायची शिफारस केली होती, पण बेळगाव शहर नाही, म्हणून महाराष्ट्राने अहवाल नाकारला आणि आम्हीही जिथल्या तिथे राहिलो. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. माझी मुलं कन्नड उत्तम बोलतात, त्याचं वाईट नाही. पण विचारलं असतं तर काय बिघडलं असतं, एवढंच.

आकडेमोड

निपाणीकर, +१. पण आज विचारलं तर कुणाला विचारणार? आज तिथे राहणाऱ्यांना, की १९५६ ला राहणाऱ्यांच्या नातवंडांना, जी आता पुण्यात आहेत?

निपाणीकर

@आकडेमोड, हाच प्रश्न सीमाभागात मोठ्याने विचारून बघा, चहा मिळणार नाही. माझं मत विचाराल तर आज तिथे राहतात त्यांना. पुण्याच्या पुतण्याला नाही. तो दिवाळीला येतो आणि भाषण करून जातो.

टेकाठची सातारकरीण

निपाणीकर दादा, तुमचं बरोबर आहे, आणि पुतण्याचं तर फारच बरोबर. फक्त स्कॉटलंडला विचारलं गेलं ते स्कॉटलंडच्या हक्काने, असं समजू नका. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये लंडन आणि एडिंबरा यांच्यात करार झाला, लंडनने तेवढ्यापुरता अधिकार दिला, म्हणून २०१४ झालं. पुन्हा घ्यायचं म्हटल्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, होलीरूडला आपल्या मनाने सार्वमत घेता येणार नाही. आपल्याकडे घटनेचं कलम ३ आहे. संसद राज्याची सीमा बदलू शकते, विधानसभेचं मत मागवायचं, मानायचं बंधन नाही. लोकांना थेट विचारायची तर सोयच नाही. आपल्याकडे तसं विचारलं होतं, १९६७ ला गोव्यात, महाराष्ट्रात यायचं का म्हणून. गोवा नाही म्हणाला आणि आपल्या पुढाऱ्यांना ते बरीच वर्षं पचलं नाही. तुम्हाला कौल हवा असेल तर तो विरुद्धही जाऊ शकतो, ही तयारी सीमाभागातल्या आपल्या लोकांत आहे का, हे मात्र विचारून बघा.

रीडिंगवाले, मी 'नाही' ला दिलं आणि नवऱ्याने 'हो' ला, त्यामुळे आमच्या घराचा निकालावर काडीचा परिणाम झाला नाही. डंडी ५७ टक्क्यांनी 'हो' म्हणाली, देश ५५ टक्क्यांनी 'नाही'. माझं कारण फार थोर नव्हतं. शिक्का लंडनचा होता आणि नव्या दारात पुन्हा अर्ज घेऊन उभं राहायची माझ्यात ताकद उरली नव्हती. आज काय देईन ते त्या दिवशी बघू. मी अजून भारतीय पासपोर्टवरच आहे. लोकांना वाईजवळच्या शेताचं कारण सांगते, पण खरं कारण आळस. मुलगा ब्रिटिश पासपोर्टवर. २०२२ च्या जनगणनेत राष्ट्रीय ओळखीच्या प्रश्नावर त्याने फक्त 'स्कॉटिश' ला खूण केली. ब्रिटिशला करत नाहीस का, पासपोर्ट तोच आहे, असं विचारलं तर म्हणाला, तो प्रवासाला लागतो. नवऱ्याने हसून चहा सांडला फॉर्मवर.

फॉर्म भरताना राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात भारतीयच लिहा, ब्रिटिश नाही. आणि मुलीला वगळू नका. इथे चौदाव्या वर्षी नाव नोंदवता येतं आणि सोळाव्या वर्षी होलीरूडला मत देता येतं. छापलेल्या फॉर्मवर तिचा रकाना नसेल तर तिची नोंदणी तिने स्वतः ऑनलाइन करायची.